वाराणसीत दोन रात्रींसाठी आई-वडिलांना घेऊन कुठे राहावं?

आईचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी अस्सी घाटाजवळच राहा म्हणेन. तिथे रिक्षा घाटाच्या बऱ्यापैकी जवळ जाते. पहाटे उठून चार पावलं चाललात की घाटावरची आरती आणि ‘सुबह-ए-बनारस’चं गायन-वादन ऐकायला मिळतं. राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान असलेलं भदैनी तिथून अगदी जवळ आहे, ते चुकवू नका.

विश्वनाथाचं देऊळ जवळ हवं म्हणून बहुतेक जण गोदौलिया-दशाश्वमेधच्या गल्ल्यांत खोली घेतात. एकट्यादुकट्याला ते उत्तमच, त्या गल्ल्यांतच खरं बनारस आहे. पण गर्दीच्या वेळी गोदौलियाच्या पुढे गाड्या सोडत नाहीत. मग सामान उचलून, गाई-मोटरसायकली चुकवत चालायचं, आणि जुन्या घरांतले जिने भलतेच उभे. वडीलधाऱ्यांचे हाल होतात. कुठेही खोली घेण्याआधी हॉटेलला फोन करून तीनच गोष्टी विचारा: गाडी दारापर्यंत येते का, लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर. ‘घाटाला लागून’ एवढ्यावर विसंबू नका.

कँटोन्मेंटला हॉटेलं ऐसपैस आहेत, स्टेशनही जवळ, पण घाट लांब पडतो. दोन दिवसांत रोज ट्रॅफिकमध्ये अडकायचं कशाला?

दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची गंगा आरती अस्सीहून नावेने जाऊन पाण्यातूनच पाहा, म्हणजे पायऱ्या आणि रेटारेटी वाचेल. पावसाळ्यात जात असाल तर मात्र पाणी चढल्यावर नावा बंद असतात.