जड पाणी, दोन वायरी आणि एक संप

प्रश्न : बाई, नमस्कार. बेळगावात अनगोळच्या पुढं नव्या वसाहतीत आम्ही घर बांधलंय. नळ चार-पाच दिवसांनी येतो, तोवर बोअर. दोन्हीचं पाणी एकाच संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत पडतं. मसूर शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल जळाली. परवा एक विक्रेता आला. त्यानं दोन ग्लासांत वायरी घातल्या. आमच्या पाण्यात तांबडा-काळा गाळ झाला, त्याच्या आरओच्या (क्षार गाळणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात काहीच नाही. 'हेच तुमच्या पोटात जातंय' म्हणाला. सासूबाईंना बीपी आहे, एकदा मुतखडाही होऊन गेलाय, त्या घाबरल्यात. मीटरवर बोअरचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६४० दिसतो, प्रयोगशाळेत कठीणता (पाण्याचा जडपणा) ४२० आली. आरओ घ्यावा का?
– एक वाचक, अनगोळ

उत्तर : आधी त्या वायरींचं बोलू, कारण माझा राग तिथं आहे. तो गाळ तुमच्या पाण्यातला नव्हेच. वायरींच्या टोकाला लोखंडाच्या कांड्या असतात. वीज सोडली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात तरंगतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज चांगली वाहते, आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात म्हणून ते स्वच्छ राहतं. पुन्हा आला तर त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता घाल बाबा वायरी. बीएस्सीच्या पोरांना मी हे प्रात्यक्षिक वर्षानुवर्षं दाखवलंय. ते दारोदार भीती विकायला वापरतील असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

आता तुमचे आकडे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००. त्यात लिटरला टीडीएस ५०० मिलिग्रॅम आणि कठीणता २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर टीडीएस २००० आणि कठीणता ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे तुमचं ४२० हे विष नव्हे, पण चांगलंही नव्हे. जड पाण्यानं मुतखडा होतो हे सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिणं हे त्याचं मोठं कारण, तेव्हा घाबरून सासूबाईंनी पाणी कमी केलं नाही ना तेवढं बघा. एकदा खडा झालाय तर डॉक्टरांनाही विचारून घ्या.

आणि तुमच्याकडं दुसरा स्रोत आहे की! राकसकोप धरणाचं असो वा हिडकल धरणाचं, नळाला येतं ते पावसाचं साठवलेलं पाणी, म्हणून मऊ. आपल्याकडं वर जांभा दगड आहे. त्यातल्या उथळ जुन्या विहिरींचं पाणीही बहुधा मऊच लागतं. बोअर मात्र जांभा ओलांडून खालच्या काळ्या पाषाणात जातं. तिथं भेगांतून मुरता मुरता पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. एवढं मऊ पाणी घरापर्यंत येतं आणि तुम्ही ते संपात बोअरला मिळवता. बिघडतं ते तिथं.

प्लंबरला बोलवा. नळाच्या पाण्यासाठी पाचशे लिटरची झाकणाची वेगळी टाकी बसवा आणि तिची लाइन फक्त स्वयंपाकघरात आणा. पाच माणसांना पिण्या-रांधण्यासाठी दिवसाला पन्नास लिटर धरा. पाच दिवस सहज निघतात. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन मात्र उडून जातं, म्हणून पिण्याचं उकळून घ्या किंवा साधा यूव्ही फिल्टर (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) लावा. याला आरओच्या निम्माही खटाटोप नाही. घरगुती आरओ एक बादली देताना दोन-तीन बादल्या मोरीत सोडतो, ते वेगळंच.

मसूर भिजत घालतानाही नळाचंच पाणी घ्या. कॅल्शियम सालातल्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून दाणा टणक राहतो. सोडा घातला की लवकर शिजेल, पण त्यानं बी-वन जीवनसत्त्व जातं. माझ्या सासूबाई मसुरीसाठी शेजारच्या विहिरीवरून कळशी आणवत. रसायनशास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गिझर, वॉशिंग मशीन आणि अंघोळ बोअरवर चालवायची असेल तर तिथं सॉफ्टनर बसवा. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो. ४२० कठीणता पूर्ण काढली तर लिटरमागे साधारण १९० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. बीपीच्या माणसानं ते पाणी पिऊ नये, म्हणून स्वयंपाकघराला ती लाइन जोडूच नका. सॉफ्टनर परवडत नसेल तर गिझरचा काटा ५५ अंशांच्या वर नेऊ नका. पाणी जितकं तापतं तितके क्षार कॉइलवर बसतात. नळाच्या तोट्या आणि शॉवर लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून ठेवले की पांढरा थर सुटतो. टॉयलेटचं ॲसिड तिथं वापरू नका, क्रोम जाईल.

एक गोष्ट मीटर कधीच सांगणार नाही : पाण्यात जंतू आहेत का आणि नायट्रेट (सांडपाण्यातून झिरपणारा क्षार) किती आहे. नव्या वसाहतीत घरोघरी सेप्टिक टँक आणि त्याला लागूनच बोअर, ही मला खरी धास्ती वाटते. प्रयोगशाळेला कोलिफॉर्म (सांडपाणी मिसळल्याची खूण असलेले जंतू) आणि नायट्रेट तपासायला सांगा. जंतूंसाठीची बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली आणा, घरची चालत नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटून ते वाढतं. मग बोअरचं पाणी पिण्यातून बंद, तान्ह्या बाळाच्या बाटलीतून तर आधी बंद. नळाचं पाणी पुरेनासं झालं तर त्या वेळी आरओ घ्या, मी अडवणार नाही.

प्रश्न : पावसाळ्यात नळाला तांबूस पाणी येतं, कधी दवाखान्यासारखा वास मारतो. प्यावं का?
– सौ. स. पा., हिंडलगा

उत्तर : वास क्लोरीनचा आहे आणि तो असायलाच हवा. भांडं तासभर उघडं ठेवा, कमी होतो. तांबूस रंगाचं तसं नाही. नळ रोज येत नसला की रिकाम्या पाइपात गळतीच्या जागेवरून बाहेरचा गाळ, कधी गटारसुद्धा आत ओढलं जातं. म्हणून पाणी सुटल्यावर पहिल्या दोन बादल्या झाडांना द्या. पुढचं गढूळच वाटलं तर तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी गाळून घ्या आणि मग उकळा, खळखळ सुरू झाल्यावर निदान एक मिनिट. गढूळ पाणी तसंच यूव्ही फिल्टरमध्ये घालू नका, गाळाच्या आड जंतू वाचतात.