अबोली पावसात का मरते आणि तिला बी का धरत नाही

प्रश्न दोन आहेत. गोव्यात फोंड्याला कुंडीत लावलेली नर्सरीतली अबोली दर जुलैत मान टाकते, आणि फुलं भरपूर येऊनही बी एकदाही धरलं नाही. दुसऱ्याचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी.

नर्सरीत मिळते ती मोठ्या पाकळीची नारिंगी अबोली बहुतेक वेळा ‘दिल्ली’ जातीची असते. तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी तयारच होत नाही. खत वाढवून काही होणार नाही, फांदीच लावायला हवी. गावठी अबोलीला मात्र बी धरतं. तिचं तपकिरी झालेलं कणीस भिजलं की बोंडं टपकन फुटतात आणि बी हातभर लांब उडतं. म्हणून कणीस कोरड्या दिवशी कापून कागदी पिशवीत ठेवावं.

आता मरण्याबद्दल. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. अबोलीला ओल आवडते, पण मुळं पाण्यात बुडालेली चालत नाहीत. मुळं कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही आणि ओल्या मातीतही पानं लोंबतात. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो, तिथेच ती संपते.

कुंडी १० इंची, तळाला चार-पाच भोकं. मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग नदीची रेती. समुद्राची रेती नको, तिच्यात मीठ असतं. वर मूठभर निंबोळी पेंड. कुंडीखालची बशी जूनमध्येच काढा आणि कुंडी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर ठेवा. पागोळ्यांखाली तर मुळीच नको. पूर्वेकडचं बल्कांव (घरापुढची छपराखालची बैठी ओसरी) असेल तर त्याहून चांगली जागा नाही: सकाळचं ऊन, दुपारी सावली, पाऊस अंगावर नाही.

एवढं करूनही झाड खुरटलं, तर उपटून मुळं धुऊन बघा. बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. अबोलीचा हा जुना शत्रू, आणि माती तीच ठेवून नवं रोप लावणं म्हणजे त्याला जेवायला वाढणं. ते झाड आणि माती दोन्ही टाका, कुंडी धुऊन उन्हात तापवा. परसात जमिनीत लावायची असेल तर त्या जागी आधी एक हंगाम झेंडू घ्या.

पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे तेही पाहा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात हे सहसा होत नाही. पण चुना लावलेल्या भिंतीलगत किंवा बांधकामाचा चुरा मिसळलेल्या मातीत होतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर आधी निचरा तपासा, खताचं नंतर.

फांदी लावायला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम. कणीस नसलेली, न कोवळी न जून, चार बोटं लांब फांदी पेराखाली कापा. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी छाटा, ओल्या रेतीत दोन पेरं रुतवा आणि सावलीत वरून प्लास्टिकची पिशवी घाला. पिशवीच्या आत थेंब दिसत असतील तर पाणी घालू नका. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून पाहा, अडली तर मुळं फुटली.

फुलं कणसाच्या बुडापासून वर उमलत जातात. फाती (केसांत माळायचा गजरा) करायची तर दिवसाआड खुडा. शेंडा संपला की रिकामं कणीस खालच्या पानांच्या जोडीशी कापा, तिथून दोन नव्या फांद्या येतात. गावठीचं बी हवं असेल तेवढी दोन-तीन कणसं मात्र राखून ठेवा.