आधी व्याप्ती, मग पचन : आयुर्वेदातल्या झटपट काम करणाऱ्या द्रव्यांविषयी वाचकांचे प्रश्न

भांग आणि अफू पचण्याआधीच अंगभर पसरतात, असे वाचले. मग त्यांचे पचन होतच नाही का?

होते, पण नंतर. एरवी द्रव्य आधी पचते आणि मग त्याचा रस धातूंपर्यंत (रक्त, मांस अशा शरीरघटकांपर्यंत) पोचतो. व्यवायी, म्हणजे आधी पसरून मग पचणाऱ्या, द्रव्यांत हा क्रम उलटा असतो. वैद्यकग्रंथकार शार्ङ्गधर याची उदाहरणे म्हणून भांग आणि अहिफेन (अफू) हीच दोन देतात. मात्र हे क्रमाचे वर्णन आहे, घड्याळाचे नव्हे. खाल्लेली भांग प्रत्यक्षात अर्ध्या ते दोन तासांनी चढते. ‘अजून काहीच होत नाही’ म्हणून मधेच दुसरी मात्रा घेणारेच जास्त अडचणीत येतात.

आशुकारी, सूक्ष्म आणि विकासी हे गुण वेगवेगळे कशासाठी मोजायचे?

कारण प्रत्येकाचे काम वेगळे. आशुकारी द्रव्य पाण्यावर टाकलेल्या तेलासारखे पसरते, ही उपमा सुश्रुताची. सूक्ष्म गुणामुळे द्रव्य बारीक स्रोतसांत (शरीरातल्या वाहिन्यांत) शिरते. विकासी द्रव्य धातूंपासून ओज (धातूंचे सार, शरीराचे बळ) सुटे करते आणि सांधे ढिले पाडते. त्याची उदाहरणे सुपारी आणि कोद्रव (हरीक). सवय नसलेल्याला सुपारी ‘लागते’ तेव्हा काय होते ते आठवा: घाम फुटतो, डोके गरगरते, हातपाय गळतात.

विष आणि मद्य यांचे गुण इतके सारखे, तरी आसवे (वनस्पती आंबवून केलेली पेये) औषध कशी?

चरकाने दोघांचे दहा-दहा गुण सांगितले आहेत. त्यांतले लघु, रूक्ष, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, आशु, व्यवायी, विकासी, विशद हे नऊ समान. दहावा तेवढा वेगळा: विषाचा रस (चव) अनिर्देश्य, म्हणजे नेमका सांगता न येणारा, मद्याचा अम्ल. ओजाचे गुण (गुरू, शीत, मृदू, स्निग्ध, स्थिर वगैरे) याच्या उलट, म्हणून अतिरेक झाला की दोन्ही ओजावरच घाला घालतात. औषध ठरते ते मात्रेने. आसव-अरिष्टांत आपोआप तयार झालेले मद्य साधारण ५ ते १० टक्के असते. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा १५ ते ३० मिलि, तेवढेच पाणी घालून, जेवणानंतर. मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक किंवा दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम चालू असेल, तर आसवे घेऊ नयेत.

बचनाग या विषारी मुळाचे शोधन (विष उतरवण्याची प्रक्रिया) घरी करता येईल का?

नाही. पद्धत सोपी दिसते, पण चूक जिवावर बेतते. मुळाचे लहान तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात भिजवतात, गोमूत्र रोज बदलतात. मग पुरचुंडी बांधून दोलायंत्रात (भांड्यात टांगून) गाईच्या दुधात सुमारे एक प्रहर, म्हणजे तीन तास, स्वेदन करतात, म्हणजे उकळतात. शेवटी धुऊन वाळवतात. पाण्यातल्या दीर्घ उष्णतेने बचनागातल्या ॲकोनिटिन या विषाचे विघटन होऊन त्याची तीव्रता उतरते. तुकडे जाड राहिले किंवा स्वेदन घाईत उरकले, तर गाभ्यात विष तसेच राहते. बाहेरून ते ओळखू येत नाही, हीच खरी गोम.

बचनाग औषधनियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आहे, त्यामुळे तो असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना असावी लागते. अशा औषधाच्या गोळीनंतर ओठ-जिभेला मुंग्या आल्या, बधिरपणा जाणवला, तर पुढची मात्रा थांबवा. घरगुती उताऱ्यात वेळ घालवू नका. हृदयाची लय काही तासांत बिघडू शकते, म्हणून ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि गोळीचे वेष्टन सोबत न्या.