शोपँ आणि लिस्ट यांचा एकत्र असलेला फोटो कुठे मिळेल?

नाही मिळणार, शोपँ आणि लिस्ट हे दोन पियानोवादक-संगीतकार एकाच फोटोत आहेत असं एकही अस्सल छायाचित्र आजवर समोर आलेलं नाही. फोटोग्राफीचं तंत्र जगापुढे आलं १८३९ मध्ये आणि शोपँ १८४९ मध्ये गेला. त्याच्या ज्या मोजक्या प्रतिमा अस्सल मानल्या जातात, त्यांत तो एकटाच बसलेला आहे. दोघांची खरी जवळीक त्याआधीची, १८३० च्या दशकातल्या पॅरिसची: तिथे ते मैफलींत एकत्र वाजवत आणि शोपँने आपले ओपस १० चे एट्यूड (पियानोच्या सरावरचना) लिस्टलाच अर्पण केले.

नेटवर ‘दोघांची भेट’ म्हणून फिरतं ते बहुतेकदा योसेफ डानहाउझरचं १८४० चं तैलचित्र असतं. लिस्ट पियानोवर, भोवती व्हायोलिनवादक पागानिनी, संगीतकार रोसिनी, लेखिका जॉर्ज साँद. शोपँ त्यात नाहीच! शिवाय तो प्रसंगही कल्पित आहे, चित्र व्हिएन्नाच्या पियानो बनवणाऱ्या कॉनराड ग्राफने सांगून काढवून घेतलेलं. मूळ चित्र बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे.

मात्र लिस्ट १८८६ पर्यंत जगला, त्यामुळे इतर पियानोवादकांसोबतचे त्याचे खरे फोटो आहेत. छायाचित्रकार लुई हेल्डने १८८४ मध्ये जर्मनीतल्या वायमारला काढलेला जरूर शोधा: त्यात झिलोटी, झाउअर, रोझेनथाल हे शिष्य त्याच्याभोवती आहेत.