बाबांची माळ कपाटात आहे

उशाशी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. बाबा ७४ वर्षांचे, वागळे इस्टेटला टर्नर होते. घराणं वारकरी, स्वतः चाळीस वर्षं माळकरी. दोन वर्षांपूर्वी जठराचा कॅन्सर निघाला. आता डॉक्टरांनी केमो थांबवून घरी न्यायला सांगितलंय. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणारा माणूस आता हरिपाठ सुरू झाला की भिंतीकडे तोंड करून पडतो. केमोच्या वेळी अंडी द्यायला सांगितली होती, तेव्हा त्यांनी माळ काढून ठेवली, ती तशीच कपाटात आहे. परवा म्हणाले, ‘मी कोणाचं काय वाईट केलं होतं रे?’ मला काही बोलता आलं नाही. आजार इतका वाढलाय हे आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. घरी कीर्तन ठेवावं का?

उत्तर : दादा, अंड्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझं मन तिथेच अडकलं.

माळ घातली की मांसमच्छी सुटते, अंडंही सुटतं. तुमच्या बाबांनी अंडं तोंडात घालण्याआधी माळ उतरवली. एवढ्या आजारपणातही माळेची चाड ठेवली. असा माणूस हरिपाठाकडे पाठ करतो तो देवावर रुसून, की ‘आता आपल्याला तोंड राहिलं नाही’ म्हणून, ते मला ठाण्यात बसून कसं कळणार? तुम्हीच विचारा. ‘बाबा, माळेचं मनात येतं का?’ एवढंच. मग गप्प बसा. पाच मिनिटं उत्तर आलं नाही तरी टीव्ही लावू नका.

‘देव माफ करतो हो’ असं मात्र म्हणू नका. लेकानं दिलेली माफी त्यांना पुरायची नाही, आणि ते अंडं बहुतेक तुम्हीच सोलून दिलं असणार. त्यांच्या दिंडीतले कुणी जुने माळकरी असतील, ज्यांचा शब्द ते मानतात, त्यांना बोलवा. एकट्यांना. मृदंग आणि बिल्डिंगमधली पंधरा माणसं आत्ता नकोत. माळेचं काय करायचं ते दोघं ठरवतील. अंडं नको म्हणाले तर आग्रह सोडा. या टप्प्यावर भूक आजारच मारतो, घासामागे घास भरवून ताकद येत नाही.

हे शहाणपण मला पहिल्यापासून नव्हतं. नर्सची नोकरी संपल्यावर मी अशा घरांत जायला लागले, तेव्हा तलावपाळीजवळच्या एका आजींना मी अर्धा तास आत्मा अमर असल्याचं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बाई, तो पंखा जरा कमी करता का? पाय गार पडलेत.’ मी पंखा कमी केला, तळपाय चोळत बसले. मग त्या आपणहून बोलायला लागल्या. धाकट्या बहिणीशी घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं अबोला होता. फोन लावून दिला. दोघींचं बोलणं झालं ते बोरं उन्हात वाळवायच्या गोष्टींचं. वाटणीचा विषय निघालाच नाही.

तेव्हा ‘मी कोणाचं काय वाईट केलं’ याला उत्तर शोधू नका. कर्माचा हिशेब तर अजिबात मांडू नका. ‘बाबा, रात्री हेच मनात येतं का?’ असं विचारा. त्यांना उत्तर नको असतं, जवळ बसून कुणी ऐकणारं हवं असतं.

पण त्याआधी, दुखणं आटोक्यात आहे का? कळा येणाऱ्या माणसाला नामस्मरण सुचत नाही. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण) काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर. शरीराची, मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेची वेदना एकमेकींत गुंतलेली असते, असं त्या सांगत. बाबा भिंतीकडे वळतात ते एखादे वेळी त्या कुशीवर कमी दुखतं म्हणूनही असेल! डॉक्टरांना विचारा. मॉर्फीनची साधी गोळी दिली असेल तर ती सहसा दर चार तासांनी ठरल्या वेळेला घ्यायची असते, दुखेपर्यंत थांबून नाही. सवय लागेल या भीतीनं घरचेच गोळी चुकवतात, हे मी किती घरांत पाहिलंय.

राहिलं आजार लपवायचं. जन्मभर लेथवर सुतासुतानं माप घेतलेल्या माणसाला स्वतःचं मनगट बारीक झालेलं कळत नसेल? ‘तुम्हाला काय वाटतं, काय चाललंय?’ असं विचारून बघा. जेवढं विचारतील तेवढंच सांगा, पण खोटं सांगू नका.

प्रश्न : नेरूळहून लिहितेय. सासूबाई हॉस्पिटलात ऑक्सिजनवर आहेत, शुद्ध जवळजवळ नाही. नणंदेला उशाशी निरांजन लावायचंय, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचंय. सिस्टर ओरडतात. घशात घरघर होते, श्वास मध्येच थांबतो, आम्ही घाबरतो.

उत्तर : निरांजन नाही, उदबत्तीही नाही. ऑक्सिजन सुरू असताना ठिणगीसुद्धा भडकते, सिस्टर ओरडतात ते बरोबरच आहे. सेलवर चालणारा दिवा ठेवा. गिळता येत नसेल तर चमच्यानं गंगाजल घालू नका, ते श्वासनलिकेत उतरतं. कापसाचा बोळा गंगाजलात भिजवून, पिळून ओठांवरून फिरवा. तुळशीचं पान उशीवर ठेवा.

घशातली घरघर ही साठलेल्या लाळेची असते. सिस्टरना सांगून कुशीवर वळवा, आवाज कमी होतो. श्वास थांबून पुन्हा सुरू होणं हे शेवटच्या दिवसांत बऱ्याचदा होतं, ते पाहणाऱ्याला जितकं भयंकर वाटतं तितका त्रास बहुधा त्यांना होत नसतो. आणि त्यांना ऐकू येतंय असं धरूनच वागा. बांगड्या कुणाला, हे कॉटपाशी उभं राहून बोलू नका.

नणंदेला बाहेर बसवू नका. बोळा तिच्याच हातात द्या.