सिरोंच्याला निघालायस तर

अरे, परवा तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो, हातात दोन पिशव्या, धड बोलताच आलं नाही म्हणून लिहितोय. सिरोंचा म्हणताना तुझा आवाज पडला ते कळलं मला. १९९१ साली माझ्या हातात ट्रान्सफर ऑर्डर पडली तेव्हा मीही आधी नकाशा शोधला होता. जिल्हा गडचिरोली, पण गडचिरोली शहरापासूनच २०० किलोमीटरच्या आसपास, आणि नदी ओलांडली की तेलंगण, तेव्हाचं आंध्र.

तू सामानाची लिस्ट मागितलीस, देतो, पण आधी दुसरंच सांगतो. आपण पुण्यात वाढलेली माणसं, कुणाचं काही घ्यायचं नाही आणि कुणाचं काही ठेवायचं नाही याचा आपल्याला केवढा तो अभिमान. इथं ते खपतं कारण खाली उतरलं की पैसे टाकून सगळं मिळतं. तिथं नाही खपत.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या अक्कांनी स्टीलच्या डब्यात आवकाय लोणचं आणून दिलं, वर बोटभर तेल, वासानेच भूक लागावी असं. मी शहाण्याने काय केलं, लोणचं बरणीत काढलं, डबा लख्ख घासून दुसऱ्याच दिवशी रिकामा परत केला आणि वर विचारलं, कितीचं झालं? त्या काही बोलल्या नाहीत, डबा घेतला आणि आत गेल्या. पुढे दीड महिना त्या घरातून मला हाक नाही. (माझ्या आईला कळलं असतं तर तिने रिकाम्या भांड्यावरूनच पाठीत धपाटा घातला असता.)

मग माझा चष्मा फुटला. नंबर जाडा, समोरचा माणूस ओळखू येईना, गावात चष्म्याचं दुकान नाही, आणि तेव्हा पूलही नव्हते, नावेनेच पलीकडे जायचं. शेवटी लाज सोडून अक्कांच्याच दारात गेलो. त्यांच्या यजमानांनी एक अक्षर न बोलता फ्रेम आणि नंबरची चिठ्ठी वर्तमानपत्रात गुंडाळली, भाच्याबरोबर मंचेरियालला पाठवली, आठव्या दिवशी नव्या काचा लावून आली. काचांचे पैसे घेतले पण भाच्याच्या भाड्याचे काही केल्या घेईनात आणि या वेळी मीही मुकाट्याने ते राहू दिलं. त्या दिवाळीला पुण्याहून बाकरवडी नेली ती आधी त्यांच्या घरी. तिथून पुढची अडीच वर्षं मी एकटा जेवलो असं फार कमी झालं.

म्हणून म्हणतो, मागायला शिक. आणि दर सुट्टीला पुण्याला पळत येऊ नकोस, येण्याजाण्यातच रजा संपते आणि तिथं तू कायम पाहुणाच राहतोस.

आता लिस्ट. मच्छरदाणी न्यायचीच, मलेरियाचं नाव काढलं की राज्यात पहिला गडचिरोलीच आठवतो, ताप आला तर कणकण म्हणून अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, सुती कपडे ने, जीन्स राहू दे इथंच. सिम कार्ड कुठलं चालतं ते ब्रँचमधल्या शिपायाला विचार, साहेबांना नको. मराठी चालते पण बाजारात आणि घराघरात तेलुगू, दोन शब्द पाठ करून जा: ‘एंता’ म्हणजे केवढ्याला, आणि ‘तिन्नारा’ म्हणजे जेवलात का. दुसरा जास्त कामाचा.

रविवारी वडधमला जाऊन ये, तिथं डायनासोरांच्या काळातले जीवाश्म सापडलेत, मी तीन वर्षं राहून गेलोच नाही. अजून चुटपुट लागते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी ये. माझी जुनी मच्छरदाणी माळ्यावर पडून आहे, जाड सुताची, हल्ली तसली मिळत नाही, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलीय तेवढं काकूकडून शिवून घे.