पोलीस ठाण्यात जाण्याआधी, ताई

ताई, ‘ही आमची हद्द नाही’ असं ऐकून परत फिरू नका. मारहाण घणसोलीत झाली आणि तुम्ही कळव्याला माहेरी आलात, तरी दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) कळव्यातही शून्य क्रमांकाने, म्हणजे ‘झीरो एफआयआर’ म्हणून, नोंदवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे.

सही करण्याआधी जबाब पूर्ण वाचा. नुसतं ‘त्रास दिला’ असेल तर थांबवा. कोणी, कधी, कशाने, कुठे मारलं ते लिहून घ्या. सगळी केस पुढे यावरच उभी राहते, म्हणून घाई करू देऊ नका. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेऊनच निघा. दखलपात्र प्रकार असूनही एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) देऊन बोळवण केली, तर वरिष्ठांना टपालाने लेखी कळवा. तरीही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पोटगीसाठी आधी घटस्फोट घ्यावा लागत नाही. तुम्ही राहता तिथल्याच कोर्टात याच संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज चालतो.

वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा, किंवा आधी १५१०० वर फोन करा.